तिकडे काही नाहीये

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. दुपारची जेवणं झाल्यावर घरातले सगळे आडवे झाले आणि भाचा टीव्हीसमोर मांडी घालून गाडी पळवत बसला. फोर्झा होरायझन ५, म्हणजे मेक्सिको. दिसतं मात्र फार सुरेख! धुळीचा रस्ता, दोन्ही अंगांना निवडुंग, लांबवर ज्वालामुखी, बॉनेटवरून सरकत जाणारी ढगांची सावली. रस्त्यावर निळ्या बाणांची रांग आखलेली असते. वळण जवळ आलं की बाण लाल होतात, तिथे ब्रेक मारायचा. भाचा त्या बाणांवरून निमूट चालला होता. एके ठिकाणी डाव्या हाताला शेतातून कच्ची वाट फुटली होती, कुठल्याशा टेकडीआड जाणारी. मी म्हटलं, "अरे, जरा तिकडे घे की. काय आहे बघू." त्याने मान न वळवता सांगितलं, "मामा, तिकडे काही नाहीये." माझा विश्वास बसावा म्हणून नकाशाही उघडून दाखवला. सगळा मेक्सिको रंगीत चिन्हांनी गच्च भरलेला. शर्यती इथे, उड्या तिथे, फोडायच्या पाट्या, वेग मोजणारे कॅमेरे. टेकडीच्या जागी कोरी जमीन. पोराचं बरोबर होतं.

पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. परतताना कराड मागे पडलं तरी ते सोबत होतंच. बारा वर्षांच्या मुलाने व्यवहाराचं उत्तर दिलं होतं, त्यात मला लागण्यासारखं काय होतं? आता 'आमच्या वेळी' सुरू होणार असं वाटून कुणी पान मिटत असेल तर थांबा. भाच्याच्या खेळाला नावं ठेवायची नाहीत मला. मी स्वतः त्याच्या हातातून रिमोट घेऊन तासभर तो खेळलो, आणि बाण लाल झाले की मुकाट ब्रेकही मारले. फक्त एवढंच की मी गाडी चालवायला ज्या खेळात शिकलो, त्यात कुठेच काही नव्हतं. आणि मी सगळीकडे जात होतो.

मिडटाउन मॅडनेस. १९९९ सालचा. शहर शिकागो.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. सांगलीतल्याच एका माणसाने सुटे भाग आणून तो जोडून दिला. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, पंधरा इंची सॅमट्रॉनचा मॉनिटर, ज्याची पाठ टीव्हीपेक्षा मोठी. आईने त्याला जुन्या पडद्याचं झबलं शिवलं होतं, आणि खेळून झाल्यावर ते घातल्याशिवाय जेवायला मिळत नसे. वरच्या मजल्यावरचा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, इंजिनिअरिंगला होता. त्याने एका संध्याकाळी सीडी आणली. वर मार्करने फक्त 'गाड्या' लिहिलं होतं. त्या वयात शिकागो म्हणजे मला विवेकानंदांचं भाषण, बस. पाठ्यपुस्तकात फेटा बांधलेला फोटो होता. त्या गावाला रस्ते असतील, त्यांवर सिग्नल असतील, कोपऱ्यावर टपालपेट्या असतील, असं काही कधी मनात आलं नव्हतं.

खेळात शर्यती होत्या. ठरलेल्या वेळात ठरलेली ठिकाणं गाठा, इतरांच्या आधी पोहोचा, जिंका, मग नवी गाडी मिळेल. एकूण दहा गाड्या, त्यांतल्या पाच सुरुवातीला आणि पाच कमवायच्या. दादा शर्यतींत तरबेज होता. मी नव्हतो, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नसे. माझा जीव होता तो क्रूझ नावाच्या चौथ्या पर्यायात. तो निवडला की खेळ तुम्हाला रस्त्यावर उभं करायचा आणि गप्प बसायचा. घड्याळ नाही, प्रतिस्पर्धी नाही, गुण नाहीत. ऊन हवं की पाऊस, सकाळ हवी की रात्र, वर्दळ किती, पोलीस किती, एवढं आधी ठरवून घ्यायचं आणि निघायचं. पोलिसांची पट्टी मी शून्यावर ओढून ठेवत असे, कारण तिथले पोलीस पावती फाडत नसत, थेट येऊन धडकत, आणि गाडीचा चुराडा होईपर्यंत धडकत राहत. बर्फ मात्र मी नेहमी घ्यायचो. सांगलीच्या मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, घामाने बोटं बटणांना चिकटत असताना, मी बर्फ पडलेल्या रस्त्यावरून हिरवी बीटल घेऊन हळूहळू जायचो.

आमच्या मशीनची ताकद बेताची. सगळं चित्र नीट दाखवायला गेलं की गाडी अडखळायची, म्हणून दादाने दिसण्याची मर्यादा कमी करून ठेवली होती. त्यामुळे माझं शिकागो कायम धुक्यात. समोर राखाडी भिंत असायची आणि जवळ गेलं की तिच्यातून इमारत उगवायची, एकदम, पूर्ण उंचीची. पुढे कधीतरी मित्राकडे चांगल्या ग्राफिक्स कार्डवर तोच खेळ पाहिला तेव्हा सगळा रस्ता शेवटपर्यंत दिसत होता, आणि मला तो फार उघडावाघडा वाटला. लाईट गेली की यूपीएस चिरकायला लागायचा. ती पाच-सात मिनिटं मी शर्यतीत कधीच घालवली नाहीत. गाडी एखाद्या पुलाजवळ नेऊन लावायची आणि मग कॉम्प्युटर बंद करायचा. खेळ काही ती जागा लक्षात ठेवत नसे. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्याच ठिकाणी उभं करायचा. तरी मी गाडी लावूनच यायचो.

सगळ्यात आधी जाणवलं ते हे की इतर गाड्या सिग्नलला थांबतात. लाल झाला की रांगेने थांबतात, हिरवा झाला की निघतात, आणि मधला माणूस हॉर्न वाजवत नाही. दुसरं, सगळे उजवीकडून चालतात. मी आठवडाभर प्रत्येक वळणावर चुकीच्या बाजूला शिरत होतो आणि समोरून येणारी गाडी पाहून दचकत होतो. (मोठेपणी बाबांची स्कूटर हातात आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी विश्रामबागच्या चौकात उजवीकडे घुसलो, हा त्याचाच परिणाम, असं आईचं मत होतं.) आणि तिसरं म्हणजे पादचारी. फुटपाथवर गाडी चढवली तरी त्या खेळात कुणी गाडीखाली येत नसे. माणसं ऐनवेळी उडी मारून बाजूला व्हायची, भिंतीला चिकटायची. कचऱ्याचे डबे उडत, वर्तमानपत्रांच्या पेट्या उडत, पार्किंगचे मीटर कोलमडत, पण माणूस प्रत्येक वेळी वाचायचा.

हे आजीला मोठ्या मुश्किलीने पटलं. ती माझ्या मागे पलंगावर वाती वळत बसायची. फुटपाथवर चाक चढलं की तिचा हात थांबायचा. "अरे अरे, माणसं आहेत ती." मी म्हणायचो, "आजी, त्यांना लागत नाही." "लागत नाही म्हणून अंगावर घालायची होय?" याला उत्तर नव्हतं. मग तिच्यासमोर मी नीट चालवू लागलो. सिग्नलला थांबू लागलो. कुणाला पाहिजे होतं म्हणून नाही, खेळाला तर त्याची दखलही नव्हती, पण पाठीमागे आजी बसलेली असायची. पहिल्या पाच गाड्यांमध्ये शहराची बसही होती, लांबलचक, वळणावर अंग टाकणारी. ती आजीची आवडती. "आज एसटी काढ," म्हणायची. बस घेऊन मी थांब्याथांब्याला उभा राहायचो. कुणी चढत नसे, उतरत नसे; तशी सोयच नव्हती. आजी मात्र विचारायची, "आता कुठे आलो?" मी नकाशात बघून रस्त्याचं नाव वाचायचो. मिशिगन. स्टेट. लेक शोअर. तिला नावं आवडायची की नातू इंग्रजी वाचतो याचं कौतुक होतं, ते तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

दादाची हरकत असायची. "अरे, बस घेऊन काय फिरतोस? त्याने काही मिळत नाही." भाच्याचं वाक्य मला ओळखीचं वाटलं ते बहुतेक यामुळेच.

त्या खेळातलं माझं सगळ्यात मोठं नवल होतं पूल. नदीवरचे पूल मधोमध दुभंगून वर उचलले जायचे, दोन्ही बाजू आभाळाकडे. तेवढ्यात वेग घेऊन चढलं की गाडी हवेतून पलीकडे. नाही जमलं तर पाण्यात. सांगलीच्या मुलाला पूल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमचा आयर्विन पूल १९२९ चा, आणि पावसाळ्यात सगळं गाव त्याच्याकडे बघून झोपतं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झालेलं. पूल ही हलायची वस्तूच नव्हती. हलायचं ते पाणी. २००५ ला हललं, २०१९ ला तर पार कल्पनेबाहेर गेलं. आणि इथे हा खेळ सांगत होता की एक गाव असं आहे जिथे नदी जागच्या जागी असते आणि पूल उठून उभा राहतो. मला ते गेम बनवणाऱ्यांनी रचलेलं खोटं वाटलं होतं. उडी मारता यावी म्हणून केलेली सोय.

खेळ बनवला होता एंजल स्टुडिओज नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने, मायक्रोसॉफ्टसाठी. कल्पना कशी सुचली त्याची एक गोष्ट सांगतात: मायक्रोसॉफ्टचे दोन लोक पॅरिसमध्ये गर्दीचा रस्ता ओलांडायचा प्रयत्न करत होते, आणि त्या धावपळीतून हे निघालं. मला ही गोष्ट फार आवडते. गाड्यांच्या खेळाची सुरुवात पायी चालणाऱ्याच्या भीतीतून झालेली, आणि म्हणूनच की काय, त्यातला पादचारी मरत नाही. ही जोड माझी, त्यांची नव्हे. पुढे २००२ मध्ये ती कंपनी विकली गेली आणि तिचं रॉकस्टार सॅन डिएगो झालं. ज्यांनी माझं शिकागो बांधलं त्यांनीच नंतर घोड्यांवरून हिंडायचं अमेरिकेचं वाळवंट उभं केलं, जे जगभर गाजलं. तेही मी खेळलो. त्यातही मी बराच वेळ नुसता घोडा चालवत होतो.

खरं सांगायचं तर कंटाळाही भरपूर यायचा. ते शहर काही अफाट नव्हतं. थोड्या दिवसांत सगळे रस्ते पायाखालचे झाले, म्हणजे चाकाखालचे. कडेला गेलं की जग संपायचं. इमारतींच्या मागे काही नसायचं, खिडक्या रंगवलेल्या, दारं उघडत नसत. पावसाळ्यातल्या दुपारी, शाळेला सुट्टी, बाहेर चिखल, तेव्हा मी बस घेऊन त्याच त्या चौकातून फिरत राहायचो आणि जांभया द्यायचो. पण उठत नसे. त्या कंटाळ्यात एक ऐसपैस सुख होतं. आपल्याकडून कुणाला काही नको आहे, आपण कुठे पोहोचायचं नाही, उशीर होणं शक्यच नाही. घरात तर सारखं काहीतरी पोहोचवायचं असायचं: दळण, वरच्या मजल्यावर ताक, गुणपत्रिका.

मग २०१४ मध्ये कंपनीने खरोखरच शिकागोला पाठवलं. ऑक्टोबर होता. ऑफिसमधला एक नागपूरकर सहकारी, तिथे मुरलेला, पहिल्या शनिवारी मला शहर दाखवायला घेऊन निघाला. आम्ही नदीकाठाने चाललो होतो. तो काही सांगायच्या आत मी म्हटलं, आता डावीकडे वळलं की वर रेल्वे लागेल. लागली. लोखंडी खांबांवर चढवलेली, खाली रस्ता, वर रूळ, आणि वळणावर चाकांची अशी किंकाळी की दातात कळ यावी. तो थांबला. "आधी आला होतास का?" मी नाही म्हणालो. पण नाही म्हणतानाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि कारण समजावून सांगायला घेतलं तर तो इतका हसला की मी विषय बदलला.

वळणं जुळत होती, बाकी काही जुळत नव्हतं. वारा, मुख्यतः वारा. मिशिगन तळ्यावरून येणारा तो वारा कोपरा ओलांडताच छातीवर हात ठेवून मागे ढकलतो. माझ्या शिकागोत वारा नव्हताच. मग वास. नदीच्या पश्चिमेकडून मधूनच भाजलेल्या कोकोचा दाट, किंचित करपलेला वास यायचा. तिथे ब्लॉमर नावाची चॉकलेटची जुनी फॅक्टरी होती, १९३९ पासूनची. ती २०२४ मध्ये बंद झाल्याचं वाचलं तेव्हा मला दोन क्षण त्या पुलावरची थंडी आठवली. आणि अंतरं! खेळात स्टेडियम शहराच्या मध्यापासून दोन मिनिटांवर. तिथे घरांचे क्रमांक स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकापासून सुरू होतात आणि मैलाला आठशेने वाढतात, त्या हिशेबाने ते स्टेडियम, रिगली फील्ड, साडेचार मैल उत्तरेला. मी रेड लाईनने ॲडिसन स्टेशनला गेलो. मध्ये स्टेशनांमागून स्टेशनं येत होती, आणि प्रत्येक स्टेशनाभोवती लोकांच्या मागच्या गॅलऱ्या, लाकडी जिने, वाळत घातलेले कपडे, सायकली, कुंड्या. हे सगळं खेळाने गिळून टाकलं होतं. मधलं सगळं. जिथे काही नव्हतं असं ठरवून वगळलं होतं, तिथे लाखभर माणसं राहत होती.

आणि पूल खरंच उघडतात.

पण रोज नाही. वर्षातून दोनदा त्यांचा हंगाम असतो. वसंतात शिडाच्या होड्या गोदीतून तळ्याकडे जातात आणि पानगळीत परत येतात, तेव्हा बुधवारी आणि शनिवारी एकामागून एक पूल उचलले जातात. मला त्या शनिवारी ते योगायोगाने सापडलं. घंटा वाजू लागली, दांडी खाली आली, आणि रस्ताच, पांढऱ्या पट्ट्यांसकट, दिव्यांच्या खांबांसकट, सावकाश माझ्यासमोर उभा राहिला. इतका सावकाश की खेळातला उतावळेपणा आठवून हसू आलं. शेजारच्या टॅक्सीवाल्याने इंजिन बंद करून वर्तमानपत्र काढलं. उंच डोलकाठ्यांच्या चार-पाच होड्या निवांत निघून गेल्या. मला मात्र गंमत वेगळीच वाटत होती. नागपूरकर सांगत होता की ही नदी उलटी वाहते. सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जाऊ नये म्हणून १९०० मध्ये कालवा खणून इंजिनिअरांनी तिचा प्रवाह फिरवला. म्हणजे ज्या गावाने पूल उठवला त्यांनी नदीही वळवली होती, आणि मी लहानपणी निम्मंच खोटं समजलो होतो. आमच्या कृष्णामाईला हे सांगितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मिलेनियम पार्कला गेलो. तिथे ते आरशासारखं चकचकीत, घेवड्याच्या आकाराचं मोठ्ठं शिल्प आहे, ज्याच्यासमोर सगळं जग स्वतःचे फोटो काढतं. मीही काढला. मग लक्षात आलं की माझ्या शिकागोत ही जागाच नाही. हे पार्क २००४ मध्ये उघडलं. त्याआधी तिथे रेल्वेचे रूळ होते आणि गाड्या लावायची जागा. म्हणजे शहरातली सगळ्यात गर्दीची जागा, आणि माझ्या नकाशात तिथे काही नाहीये. उलट माझ्या नकाशात जे होतं ते इथे नव्हतं. सिअर्स टॉवर होता, पण त्याचं नाव २००९ पासून विलिस टॉवर. सोल्जर फील्ड स्टेडियमचे जुने खांब होते, पण त्यांच्या आत २००३ मध्ये काचेपोलादाचा नवाच वाडगा बसवलेला. आणि तळ्याकाठचा मिग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ तर अख्खाच गेलेला. मायक्रोसॉफ्टच्या विमानाच्या खेळात वर्षानुवर्षं पहिलं उड्डाण तिथूनच व्हायचं. दादाने मला तेही शिकवलं होतं, आणि मी ते विमान प्रत्येक वेळी तळ्यात घातलं होतं. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. सकाळी सोळा विमानं तिथे अडकलेली. नंतर ती जवळच्या टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानं सरकत नेण्याच्या वाटेवरून, कशीबशी उडाली. आता तिथे गवत आहे, पायवाटा आहेत, गाण्यांचे कार्यक्रम होतात. मी त्या गवतात बराच वेळ फिरलो. छान होतं. विमानतळ हवा होता की बाग, यावर तिथल्या लोकांचं अजून भांडण आहे. माझं मत विचाराल तर बाग बरी, पण रात्रीत जाऊन खणणं काही बरं नाही.

तेव्हापासून मला वाटतं की त्या सीडीवर १९९९ सालचं एक गाव कोंडून ठेवलेलं आहे. ते बघायला तिथल्या माणसालाही आता दुसरी वाट नाही. पण त्या सीडीचंही काही खरं नाही. आजच्या विंडोजवर तो खेळ सरळ चालत नाही. हौशी लोकांनी तुकडे जोडून, ठिगळं लावून तो जिवंत ठेवला आहे; मी एका रविवारी तो सुरू केला तेव्हा आवाज गायब होता आणि गाड्या मुक्याने धडकत होत्या. नवे खेळ तर याहून लवकर जातात. द क्रू नावाचा खेळ होता, २०१४ चा, सगळी अमेरिका आखडून एका नकाशात बसवलेली. त्यातही एक शिकागो होतं. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेल्यांच्या घरातलाही खेळ त्या दिवशी थांबला. भाच्याच्या मेक्सिकोच्या आधीचा भाग, ऋतू बदलणाऱ्या ब्रिटनचा, १५ डिसेंबर २०२४ पासून विकायचा बंद झाला, कारण गाड्यांच्या नावांचे करार संपले. ज्यांच्याकडे आहे ते खेळू शकतात, पण नव्याला मिळणार नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग पुढचा येईल ना." येईल. आला की घेऊनही देईन.

मला आठवतं ते खेळाचं चित्र नव्हे. चित्र भिकार होतं. मला आठवतो पलंगावरच्या वातींचा कापूस, मॉनिटरच्या पाठीचा तापलेल्या धुळीचा वास, आणि बस घेऊन कुठेही न जाण्याची ती मोकळीक. त्यातली पहिली दोन गेली. तिसऱ्याची मात्र मला अजून खोड आहे. कुठल्याही गावात कामाच्या आधी किंवा नंतर वेळ उरला की मी तिथली शहर बस पकडतो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. बायकोला याचं कोडं आहे. "असतं काय तिथे?" ती विचारते. बहुतेक वेळा बस वळवायला मोकळी जागा, चहाची टपरी, एखादं अर्धवट बांधलेलं कार्यालय, आणि कुत्री. कोचीत मात्र पाणी होतं, आणि इंदूरला भर दुपारी पोहे मिळाले, हे मी तिला आवर्जून सांगतो.

परवा एका लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो. मुहूर्त संध्याकाळचा, दुपार मोकळी. समोर आली ती केएमटी पकडली आणि पाटीवरचं शेवटचं नाव वाचून तिकीट काढलं. गाव संपलं, उसाचे फड सुरू झाले, एकेक करून माणसं उतरली आणि शेवटी मी आणि कंडक्टर उरलो. बस एका वडाला वळसा घालून थांबली. ड्रायव्हर तंबाखू मळत खाली उतरला. मी बसूनच.

"शेवटचा स्टॉप हाय," कंडक्टर म्हणाला. "उतरा की."

"हीच बस परत जाणार ना? मग बसतो."

"कुणाकडं आलता?"

"कुणाकडे नाही. असंच."

त्याने मला एकदा नीट बघून घेतलं, पिशवी पुढे ओढली आणि परतीचं तिकीट फाडलं. "सुट्टे द्या," म्हणाला.